साडेपाचला थांबणारी नशा

सरांनी तो अल्बम चाळीस सेकंद ऐकवला. अंदाजाने सांगत नाही. स्पीकर माझे होते, मिक्सरवर बोट माझं होतं आणि समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. गेल्या महिन्यात इथं श्रीरामपुरात, मेन रोडपासून जवळच्या एका सभागृहात ‘साठच्या दशकातलं संगीत’ या विषयावर त्यांचं व्याख्यान झालं. बीटल्स झाले, बॉब डिलन झाला, वुडस्टॉक झालं आणि शेवटी घाईघाईत बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनच्या ‘वंडरवॉल म्युझिक’चा नंबर लागला. मोबाइलवर पहिला तुकडा सुरू केला. सनया जेमतेम रंगात येत होत्या, तेवढ्यात हात वर करून मला खूण केली : बंद करा. मग श्रोत्यांना म्हणाले, ऐकलंत ना? धड राग नाही, धड रॉक नाही. सिनेमाच्या पार्श्वसंगीताची उरलीसुरली कापडं नशेच्या भरात शिवलेली. आपल्या वादकांना मजुरीवर बसवून एका गोऱ्या पोरानं केलेली हौस. जग हे विसरलं, बरं झालं.

टाळ्या पडल्या. मी वायरी गुंडाळायला लागलो. भाड्यानं स्पीकर लावणाऱ्यानं वक्त्याला भर सभेत टोकलं तर पुढच्या वर्षी त्याला कोणी बोलावत नाही, म्हणून गप्प बसलो. सरांच्या हाताखाली मी शिकलेलो नाही, पण अर्धं गाव त्यांचं विद्यार्थी आहे, म्हणून ते माझेही सरच. त्यांच्या वाचनाबद्दल आदर आहे. ऐकण्याबद्दल मात्र तक्रार आहे, आणि ती इथं सविस्तर करतो.

नशेपासून सुरुवात करू, कारण टाळ्या त्या शब्दाला जास्त पडल्या.

जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईत आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. जो मॅसॉट नावाच्या दिग्दर्शकानं त्याला ‘वंडरवॉल’ या सिनेमाचं संगीत दिलं होतं आणि पाहिजे ते कर म्हणून सांगितलं होतं. एकटा राहणारा एक म्हातारा शास्त्रज्ञ शेजारच्या घरातल्या मॉडेल मुलीकडे भिंतीतल्या भोकातून बघत बसतो, एवढीच त्याची गोष्ट. ती मुलगी झाली होती जेन बर्किन. हॅरिसननं काय केलं? स्टॉपवॉच घेऊन सिनेमा बघत बसला. कुठल्या दृश्याला किती सेकंद संगीत लागणार, ते मोजून लिहून काढलं. तो हिशेब खिशात घालून मुंबईला आला आणि फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत वादकांना घेऊन बसला. नशेत माणूस चंद्र-तारे मोजत असेल, सेकंद मोजत नाही.

आणि तो स्टुडिओ कसा होता, ते हॅरिसननंच पुढे सांगून ठेवलंय. खाली कचेऱ्या, वर स्टुडिओ, आवाज अडवायची सोय नाही म्हटलं तरी चालेल. रस्त्यावरच्या टॅक्सी टेपवर उतरायच्या. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की कारकून मंडळी जिन्यावरून धाडधाड खाली उतरायची आणि तेवढा वेळ रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं. सर, ही कसली नशा, जी कारकुनांच्या चपलांसाठी थांबते? ज्याला जग ‘सायकेडेलिक’ म्हणतं त्या अल्बमचा निम्मा भाग हा असा, फोर्टातल्या कचेरीच्या वेळेत, डबे खाऊन, चहा पिऊन झालेला आहे. आपल्या संगीताला गांजाच्या धुरात बसवू नका, हे रविशंकर स्वतः पाश्चात्त्य श्रोत्यांना वारंवार सुनावत होते. त्यांचा राग बरोबर होता. पण तो राग होता ऐकणाऱ्यांवर. वाजवणाऱ्यांच्या माथी तो मारायचं काय कारण?

या रेकॉर्डिंगची एक गोष्ट माझ्या धंद्यातली आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. मुंबईच्या त्या स्टुडिओत तेव्हा मोनो मशीन होतं, म्हणजे सगळे आवाज एकाच पट्टीवर. हॅरिसनला स्टिरिओ हवं होतं. ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन, जे पुढे अमेरिकेत कॅपिटल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले, ते कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं स्टिरिओ मशीन बरोबर घेऊन रेल्वेनं मुंबईला आले. आता कलकत्त्याहून मुंबईला येणारी गाडी नागपूरवरून येवो नाहीतर अलाहाबादवरून, ती भुसावळ-मनमाडवरूनच येते. आपण श्रीरामपूरकर ज्या मनमाडच्या फलाटावर गाडी बदलायला ताटकळतो, तिथूनच ते मशीन गेलं. मी आयुष्यात एकदा ॲम्प्लिफायर घेऊन रात्रीच्या पॅसेंजरनं प्रवास केला आहे. दर स्टेशनला धक्का बसला की आतल्या व्हॉल्व्हचं काय झालं असेल म्हणून काळजाचं पाणी व्हायचं. दौंडपासून बेलापूर स्टेशनपर्यंत पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो. (आमच्या स्टेशनचं नाव बेलापूर, गावाचं श्रीरामपूर, नवख्यांचा अजून घोळ होतो.) मेनन यांनी ते काम दोन रात्रींच्या वाटेवर केलं. ‘हौस’ हा शब्द वापरायचाच असेल तर इथं वापरा. पण मग तो मोठ्या आदरानं वापरा.

आता ‘तुकडे’.

अल्बममध्ये एकोणीस तुकडे आहेत, बरेचसे तीन मिनिटांच्या आतले. सरांचं म्हणणं, एवढ्या वेळात राग उमलत नाही. हे वाक्य मी शास्त्रीय संगीताच्या बैठकींतही ऐकलं आहे आणि दर वेळी मला मिरजेची आठवण होते. मिरजेला राहून अब्दुल करीम खाँसाहेबांनी ज्या तबकड्या दिल्या, त्यांची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. त्या काळच्या सगळ्या मोठ्या गवयांनी त्या मापात राग बसवला, कारण तबकडीच्या एका बाजूवर त्याहून जास्त मावत नव्हतं. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानातून सूर्यमालेबाहेर पाठवली, ती साडेतीन मिनिटांची आहे. तिथं कोणी म्हणालं नाही की बाईंनी उरलंसुरलं पाठवलं. मापात बसवणं हे आपल्याकडे कसब मानलं जातं, मग ते माप तबकडीचं असो, नाट्यगीताचं असो की स्टॉपवॉचचं.

आणि पार्श्वसंगीत म्हणजे कमअस्सल, हे कुणी ठरवलं? मुंबईच्या सिनेमा संगीतात गोव्याहून आलेल्या सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या अरेंजरांनी आणि त्यांच्याभोवती जमलेल्या शेकडो वादकांनी एक अख्खी भाषा घडवली. नायिका जिना उतरते तेव्हा काय वाजलं, ते आपल्याला चाळीस वर्षांनीही आठवतं. संवाद आठवत नाही. ‘वंडरवॉल’च्या मुंबईकडच्या वादकांतले रिजराम देसाद या सिनेमाच्याच दुनियेतले. अमुक दृश्य, तमुक सेकंद, रडायचं आहे, हसायचं आहे, असं सांगितलं की ही माणसं वाद्य हातात घेऊन मोकळी. म्हणून ‘क्राइंग’ नावाच्या तुकड्यात विनायक व्होरांची तारशहनाई सव्वा मिनिटात जे करते, ते करायला दुसऱ्या कुणाला अर्धा तास लागला असता आणि तरी जमलं नसतं.

तारशहनाई हे वाद्य सरांनी बहुधा पाहिलेलं नाही. इसराजासारखं गजानं वाजवायचं तंतुवाद्य, आणि त्याला लावलेला ग्रामोफोनसारखा पत्र्याचा कर्णा. आमच्या भाषेत भोंगा. तारेचा आवाज त्या भोंग्यातून बाहेर पडताना शहनाईसारखा अनुनासिक होतो, म्हणून ते नाव. म्हणजे इसराज आपला, भोंगा ग्रामोफोनकडून उसना घेतलेला आणि नाव तिसऱ्याच वाद्याचं. आता सरांनी मला सांगावं, हे वाद्य धड भारतीय आहे की धड विलायती?

‘धड राग नाही’ या आरोपाचं खरं दुखणं इथंच आहे. १९६८ सालचं आपलं संगीत जणू काही तुळशीवृंदावनासारखं एका जागी स्थिर होतं आणि हॅरिसननं येऊन ते बाटवलं, असं सर धरून चालतात. त्या स्टुडिओत काय काय होतं ते बघा. संतूर होतं, शिवकुमार शर्मांच्या हातात. काश्मिरी सूफियाना मैफलीतलं हे वाद्य रागदारीच्या मंचावर आणलं म्हणून शुद्धतावाद्यांनी त्यांना वर्षानुवर्षं ऐकवलं होतं : यात मींड निघत नाही, हे आपलं वाद्यच नव्हे. त्यांना तिसावं वर्ष लागून ते संपायला आलं होतं. त्याच दिवसांत, १३ जानेवारीला, तिशी पूर्ण होत होती. एक वर्षापूर्वी हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांच्याबरोबर त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही रेकॉर्ड आली होती. तिच्यात तर काब्रांच्या हातात गिटार आहे, आणि तीवर आज कुणी बोट ठेवत नाही. हार्मोनियम होती, देसाद यांच्या हातात. ही पेटी आकाशवाणीनं १९४० साली परकी म्हणून बंद केली होती आणि बंदी उठायला १९७१ उजाडलं. म्हणजे सरकारच्या रेडिओवर जी पेटी ‘अभारतीय’, तीच पेटी लिव्हरपूलचा पोरगा मुंबईत भारतीय वाद्य म्हणून वाजवून घेत होता. अल्बममधल्या एका तुकड्याचं नाव ‘गत किरवाणी’. हा किरवाणी मुळात कर्नाटक संगीतातला, आपल्या तंतकारांनी उत्तरेत आणलेला.

बाटवायला शिल्लक काय होतं, सर? सगळेच वाटेवर होते. हॅरिसन त्यांना वाटेत भेटला एवढंच.

दुसरीकडून येणाऱ्या आक्षेपालाही हेच उत्तर. पाश्चात्त्य समीक्षकांना बीटल्सचं गाणं हवं होतं आणि यात हॅरिसन गातच नाही. त्यांनाही अल्बम अर्धवट वाटला. सरांना त्यात शुद्ध राग सापडला नाही, त्यांना त्यात शुद्ध बीटल सापडला नाही. दोघंही एकाच माणसाला शोधत होते आणि त्या नादात खोलीतल्या बाकी सगळ्यांना ओलांडून गेले. लंडनला जे ध्वनिमुद्रण झालं त्यातही हेच. तिथं वाजवणारा मुख्य चमू होता लिव्हरपूलचा ‘रेमो फोर’ हा साठच्या दशकातला रॉक बँड : कॉलिन मॅनली, टोनी ॲश्टन, फिल रॉजर्स, रॉय डाइक. सरांच्या तासाभराच्या व्याख्यानात त्यांचं नाव नव्हतं. ‘स्कीइंग’मध्ये एरिक क्लॅप्टनची गिटार करवतीसारखी घुमते, आणि तिच्या पाठोपाठ लगेच ‘गत किरवाणी’ सुरू होते. ही जोडणी कानानं केली आहे. एकात विजेच्या तारांचा दम आहे, दुसरीत तरफांचा, आणि दोन्हींच्या खाली एक धरून ठेवलेला सूर आहे. हे चाळीस सेकंदांत कळायचं नाही, कारण ते आठव्या-नवव्या तुकड्यांत आहे.

‘ड्रीम सीन’बद्दल एवढंच. उलटी फिरवलेली टेप, मध्येच उमटणारं गाणं, एकावर एक चढलेले आवाज. असलं काही बीटल्सच्या नावावर ऐकलं की लोक जॉन लेननच्या ‘रेव्होल्यूशन नाइन’चा दाखला देतात. ते झालं जून १९६८ मध्ये. ‘ड्रीम सीन’ त्याच्या आधीचं आहे.

आता मजुरी. या आरोपात खरं काही आहे, म्हणून तो मी सोडणार नाही.

अल्बमच्या कव्हरवर मुंबईच्या वादकांची नावं छापली आहेत. कुठल्या तुकड्यात कोण वाजवतंय हे नाही, नुसती यादी. आणि यादी कशी? शिवकुमार शर्मांचं झालंय ‘शर्मार’. सूरबहार वाजवणाऱ्याचं नुसतं ‘चंद्रशेखर’, आडनाव गायब. बासरीला एस. आर. केंकरे. हे नाव तरी धड आहे, आणि ते वाचल्यावर कुठल्याही मराठी-कोकणी माणसाचं बोट तिथं थांबेल. सनईला दोघं : शरद आणि हनुमान, आडनाव ‘जादेव’. सर, जादेव असं आडनाव मी आजवर ऐकलेलं नाही. श्रीरामपूर तालुक्यातल्या कुठल्याही गावात जाऊन हाक मारा, ‘अहो जाधव’, चार दारं उघडतील. हे जाधवच असणार. विलायतेतल्या कुणा कारकुनानं कानानं ऐकून लिहिलं आणि ते तसंच छापलं गेलं, तसंच पुढच्या आवृत्त्यांत गेलं. ही लाज आहेच, आणि त्याबद्दल हॅरिसनच्या कंपनीला जितकं बोलायचं तितकं बोला.

पण मग सर, तुम्ही काय केलंत? ‘आपले वादक’ म्हणालात. एकाचं तरी नाव घेतलंत? त्यांनी निदान चुकीचं छापलं. तुम्ही त्यांच्या शोषणाबद्दल बोललात आणि त्यांचंच वादन हात वर करून बंद पाडलंत.

शिवाय ‘मजुरी’ हा शब्द तुम्ही ज्या तुच्छतेनं उच्चारलात, ती मला समजत नाही. कलाकार मजुरी घेत नाही का? मी रामनवमीच्या यात्रेला भोंगे लावतो ते मजुरीवर, लग्नात सनई वाजते ती मजुरीवर, आणि व्याख्यानाचं मानधन पाकिटात घालून देतात म्हणून ते वेगळं होत नाही. सिनेमावाल्यांनी हॅरिसनला या संगीतासाठी ६०० पौंड देऊ केले होते आणि खर्च १५,००० पौंडांपर्यंत गेला, असं तो पुढे सांगायचा. वरचे त्यानं खिशातून घातले. हौस असेल, पण पदरमोड करून केलेली.

आणि त्या खोलीत नुसतं सांगकामं चाललं नव्हतं. ‘लव्ह सीन’ घ्या. सरोद आहे आशिष खाँ यांचं : अली अकबर खाँसाहेबांचे चिरंजीव, अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे नातू, तेव्हा वय अठ्ठावीस. हॅरिसननं त्यांच्याकडून एक सरोद वाजवून घेतलं, मग ते त्यांनाच ऐकवत त्यावर दुसरं वाजवायला सांगितलं. म्हणजे स्वतःशीच जुगलबंदी. मैहर घराण्यात आजोबा-वडील-नातू अशी उतरंड समोर बसून शिकलेली. समोरचा काय करेल ते डोळ्यांनी बघत वाजवायचं. इथं समोरचा आपणच, आणि तो जे करायचं ते आधीच करून बसलाय. ते ऐकताना कळतं की पहिल्या सरोदनं जिथं श्वास घेतलाय, तिथंच दुसरं आत शिरतंय. हे मजुरीला बसवलेल्या माणसाकडून काढून घेता येत नाही. याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याचं वाद्यसंगीत झालं. त्यात आशिष खाँ आहेत, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आहे. लंडनला परत गेल्यावर वर शब्द गायले गेले, आणि मार्चमध्ये बीटल्सच्या ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला ते जगभर विकलं गेलं. हॅरिसनचं गाणं बीटल्सच्या सिंगलवर येण्याची ती पहिलीच वेळ. त्यातलं एकही वाद्य बाकीच्या तीन बीटल्सनी वाजवलेलं नाही. ते मुंबईचं काम आहे.

मग जग विसरलं का? सर म्हणतात, लायकी नव्हती म्हणून. मी म्हणतो, तारखा बघा. ‘वंडरवॉल म्युझिक’ इंग्लंडमध्ये १ नोव्हेंबर १९६८ ला आला. बीटल्सच्या ॲपल कंपनीचा तो पहिला अल्बम. तीन आठवड्यांनी, २२ नोव्हेंबरला, बीटल्सचा दोन तबकड्यांचा पांढरा अल्बम आला. पोळ्याच्या दिवशी पाटलाच्या खिल्लारी जोडीमागून आपलं वासरू घेऊन निघालात तर त्याच्या झुलीकडे कोण बघणार? ज्या सिनेमाचं हे संगीत, तो सिनेमा मे महिन्यात कान महोत्सवात दाखवून झाला होता, पण त्याला वितरक मिळेना. लंडनच्या पडद्यावर तो आला जानेवारी १९६९ मध्ये, म्हणजे संगीत आधी आणि चित्र मागून. इंग्लंडच्या यादीत अल्बम चढलाच नाही. अमेरिकेत मात्र ४९व्या क्रमांकापर्यंत गेला, हे सरांच्या ‘जग विसरलं’मध्ये बसत नाही. आणि १९९५ मध्ये ‘ओएसिस’नं या अल्बमचं नाव उचलून जे गाणं केलं, ते आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी कुणीतरी पोरगं गिटारवर वाजवतं. नाव गाजलं, ज्याचं नाव तो मागे राहिला.

अल्बम निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. ‘काउबॉय म्युझिक’ दोनदा ऐकवत नाही. ‘पार्टी सीकूम’ सिनेमात चालत असेल, घरात नको. एखाद-दुसरा तुकडा सुरू होतो-न-होतो तोच संपतो आणि हात रिकामा राहतो. एकोणीसातले चौदा-पंधरा मला पुरतात.

कव्हरही बघण्यासारखं आहे. बॉब गिल यांच्या चित्रात मधोमध लाल विटांची उंच भिंत. अलीकडे गोल टोपी घातलेला साहेब, पलीकडे न्हाणाऱ्या भारतीय बायका. चित्र तयार झाल्यावर हॅरिसननं भिंतीतली एक वीट काढायला सांगितली, त्या बिचाऱ्या साहेबाला थोडी तरी आशा असावी म्हणून.

व्याख्यानानंतर आठ-दहा दिवसांनी शेजारच्या गावातले एक म्हातारे सनईवाले माझ्या दुकानात आले. माइक दुरुस्तीला टाकला होता. मी जॅक झाळत होतो, तोवर त्यांना तोच पहिला तुकडा लावून दिला, ‘मायक्रोब्ज’. काय आहे, कुणाचं आहे, काही सांगितलं नाही. ते पान चघळायचे थांबले. सनईच्या जोडीत एकजण वाजवतो आणि दुसरा नुसता सूर धरतो, हा आपल्याकडचा रिवाज. इथं दोघं एकमेकांना उत्तरं देतात. तुकडा संपला तसा म्हणाले, पुन्हा लाव.

दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर विचारलं, कोण आहेत?

म्हटलं, जाधव. शरद आणि हनुमान. कोणता कोण, ते लिहिलेलं नाही.

‘दुसरा जो आहे ना,’ ते म्हणाले, ‘त्याचा दम मोठा आहे, पण तो मुद्दाम आखूड घेतोय. पहिल्याला जागा सोडतोय. थोरला असेल तो.’ मग माइक हातात घेऊन फुंकून पाहिला आणि विचारलं, किती द्यायचे.